काकांना पाठवलेली प्लेलिस्ट

मंगळवार, संध्याकाळ. कर्वेनगर.

किळस आली आहे, आणि तीही स्वतःचीच. समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनी मागितली म्हणून हुरळून जाऊन माझी रॉकची प्लेलिस्ट पाठवली. एक जुनं गाणं, मग एक नवं. नुसता क्रम लावायला दोन रविवार गेले होते. आज जिन्यात भेटले. म्हणाले, "अहो, तुमची गाणी फार उपयोगी पडली. गॅलरीत लावतो, एक कबुतर फिरकत नाही. फक्त ते शेवटचं संथ गाणं तेवढं काढा. त्याला येऊन बसतात."

शी! त्या गाण्यासाठी तर सगळी यादी केली. दोन रविवार!

घरी आलो, तर त्यांची सगळी कबुतरं माझ्या कठड्यावर. वाळत घातलेल्या शर्टावर ताजी घाण. मग मी काय केलं? स्पीकर गॅलरीत नेला आणि तीच यादी लावली. ते संथ गाणं काढून.