सहाशे बारा पाणमांजरं

४ फेब्रुवारी

मिळाला! म्हणजे मिळाल्यातच जमा. मत्स्य आणि वन्यजीव माहिती व्यवस्थापनाचा यंदाचा पुरस्कार — देशभरातून एकच — आमच्या नोंदकक्षाला! नोंदकक्ष म्हणजे मी, दोन संगणक आणि एक पंखा, जो फक्त डावीकडे बघतो. पत्रात लिहिलंय, ‘पाणमांजरांचे नदीतील पुनरागमन उजेडात आणणाऱ्या नोंदप्रणालीसाठी’. पाच वर्षांत सहाशे बारा नोंदी. त्याआधीच्या वीस वर्षांत कागदावर किती होत्या? तीन.

साहेब म्हणाले, “आपण करून दाखवलं.” आपण! खात्यात सगळे त्यांना फीतसाहेब म्हणतात. हौदाला नवा नळ बसवला तरी फीत कापायला हजर. नोंदीचा फॉर्म कुठे उघडतो ते त्यांना अजून माहीत नाही. असो, आज कुणावर रागवायचं नाही असं ठरवलंय. पितळी मासा देतात म्हणे, बुडाशी नाव कोरलेला. चोवीस वर्षं ह्या खात्यात काढली. मासे मोजणाऱ्यांचे फोटो छापून येतात, मोजलेलं सांभाळणारीला कोण विचारतं? आता छापा म्हणावं!

५ फेब्रुवारी

दादाला कळवलं नाही. काय कळवू? ज्या पाणमांजरांपायी तुझं जाळं बंद झालं, त्यांच्यासाठी मला बक्षीस मिळतंय?

९ फेब्रुवारी

अंतिम अर्जाला तीन नमुना नोंदी हव्यात, निरीक्षकाच्या शब्दांत. सगळ्यात जास्त नोंदी वळणावरच्या चौकीतल्या म्हाताऱ्या नदीरक्षक काकांच्या — एकट्यांच्या एकेचाळीस. फोन लावला.

“काका, पाणमांजर दिसलं तेव्हा नेमकं काय पाहिलंत?”

“पाणमांजर? बाई, तीस वर्षं नदीवर आहे. एकदाही नाही दिसलं.”

“अहो, तुमच्या नावावर एकेचाळीस आहेत!”

“माझ्या नावावर घर नाही, मांजरं कुठून येणार!”

ते हसले, मीही हसले. फोन ठेवला आणि त्यांच्या एकेचाळीस नोंदी उघडल्या.

१० फेब्रुवारी

दिवसभर दार लावून बसले. कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

फोनवरचा फॉर्म माझा. रक्षकांचं मुख्य काम पाण्याची पातळी भरणं. पण त्यातच कुठला प्राणी दिसला तेही विचारायचं, ही कल्पना माझी. प्राणी निवडला नाही तर यादीतलं पहिलं नाव आपोआप बसतं. आणि पहिलं नाव कुणाचं? पाणमांजराचं! दुर्मिळ प्राणी वर घ्यावेत, म्हणजे रक्षकांना शोधत बसायला नको — हीसुद्धा अक्कल माझीच. ‘काही दिसलं नाही’ हे एकदम तळाशी. एरवी माणसं तळापर्यंत जायची. घाई असली, अंगावर पाऊस असला, की पातळी भरायची, बटण दाबायचं, घरी जायचं. झालं एक पाणमांजर!

शेरे वाचले. ‘पाणी गढूळ.’ ‘होडीची कडी तुटली.’ ‘डास फार.’ सगळीकडे संख्या एक. पाच वर्षांत एकाही पाणमांजराला जोडीदार मिळाला नाही! एवढं तरी माझ्या टाळक्यात यायला हवं होतं. खात्याने जितके फोन वाटले तितकी पाणमांजरं वाढली, आणि मी त्याचा रंगीत आलेख काढून भिंतीला लावला.

एकेका रक्षकाला फोन केला. सहाशे बारांतल्या सहाशे आठ गेल्या. उरल्या चार. त्यांत पाण्यात काहीतरी हललं, एवढंच. असेल, नसेल. माहीत नाही.

ह्यांतल्याच पहिल्या दोन वर्षांच्या नोंदींच्या जोरावर तीन वर्षांपूर्वी वळणापासून जुन्या पुलापर्यंत नऊ किलोमीटर नदीत जाळं टाकायला बंदी झाली. खूप लाज वाटली. आलेख फाडला.

११ फेब्रुवारी

साहेबांना सगळं दाखवलं. त्यांनी आधी उठून दार लावलं.

“झाकली मूठ सव्वा लाखाची. समारंभ होऊन जाऊ द्या. मग हळूच दुरुस्त करा.”

“आणि नदी?”

“नदी कुठे पळून चाललीय?”

“नदी नाही पळत साहेब. जाळ्यावर जगणारी माणसं गेली. निम्मी वस्ती रिकामी झाली.”

मग त्यांनी हुकमाचं पान काढलं. “तिथे पाणमांजर नाही, हे तुम्ही सिद्ध करू शकता?”

“नाही.”

“मग आहे असं समजा!”

म्हटलं, मी आहे म्हणत नाही आणि नाही म्हणत नाही. मी म्हणते, माहीत नाही. जाणती दोन माणसं चार महिने नदीवर बसवा. विष्ठा, ठसे, बिळं शोधू द्या. मग बंदी ठेवा नाहीतर उठवा. म्हणाले, त्याला तरतूद नाही. समारंभाला सहा जणांच्या प्रवासाची तरतूद आहे!

१३ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. “हात दाखवून अवलक्षण कशाला? कुणी विचारलंय तुला?” मग थोड्या वेळाने चहा पुढे करत म्हणाले, “आणि लोक काय म्हणतील ठाऊक आहे ना? भावासाठी केलं.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरंच म्हणतील. दादाची सगळी मासेमारी त्या नऊ किलोमीटरांत. तीन वर्षं त्याची होडी अंगणात पालथी पडलीय आणि तो बाजारात दुसऱ्यांच्या माशांसाठी बर्फ फोडतोय. दोन वर्षांपूर्वी शेवटचं बोलला — “तुझ्या कागदावरच्या मांजरांनी माझी नदी खाल्ली.” मी काय म्हणाले होते? “दादा, आकडे खोटं बोलत नाहीत.” मोठ्या तोऱ्यात! वहिनीसमोर!

खरं सांगितलं तर भावासाठी केलं. गप्प बसले तर माशासाठी केलं. आपलेच दात, आपलेच ओठ. ठीक आहे. म्हणू दे काय म्हणायचं ते!

१६ फेब्रुवारी

पत्र पाठवलं. एक पुरस्कार समितीला, एक वरच्या कार्यालयाला, एक फीतसाहेबांच्या टेबलावर, सही घेऊन. ‘चूक माझी आहे. रक्षकांची नाही.’ आणि दुसऱ्याच ओळीत, ठळक अक्षरांत — ‘माझा सख्खा भाऊ ह्या पट्ट्यात मासेमारी करत असे.’ कुणी शोधून काढण्याआधी मीच सांगते. काढा आता काय काढायचं ते.

१७ फेब्रुवारी

छान झोप लागली.

२५ फेब्रुवारी

समितीच्या अध्यक्षबाईंचा फोन. “आमच्याकडे पुरस्कार मागायला लोक येतात. परत करायला आलेल्या तुम्ही पहिल्याच.” आवाजावरून हसत होत्या की चिडल्या होत्या, कळलं नाही. म्हणाल्या, फॉर्म दुरुस्त करा आणि पुढच्या वर्षी अर्ज करा. म्हटलं, फॉर्म त्याच दिवशी दुरुस्त केलाय, अर्जाचं बघू.

फीतसाहेब जिन्यात समोरून आले आणि भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं वाचत उभे राहिले. मी जाईपर्यंत! पूर्ण वाचलं असेल त्यांनी. चला, खात्यात एकाला तरी आग विझवता येईल.

४ मार्च

चौकशी. टेबलापलीकडे तिघं, अलीकडे मी. मधल्याने एकच प्रश्न सहा वेळा फिरवून विचारला.

“ह्यात तुमच्या भावाचा फायदा आहे, हे खरं?”

“खरं.”

“तरीही तुम्ही कळवलंत?”

“माझ्याच आकड्यांनी भावाचं नुकसान झालं, तेव्हा मला कुणी बोलावलं नव्हतं.”

कडेचा एकजण खोकला. मधला वहीत काहीतरी लिहीत राहिला. मी आपणहून सांगितलं, लिहून घ्या, पुन्हा अशी चूक सापडली तर पुन्हा कळवीन. नको तिथे जीभ चालते माझी, आई म्हणायचीच. पण आज चालली ते बरं झालं.

७ मार्च

दोष सिद्ध नाही. तरी बदली — त्याच इमारतीत, मागच्या बाजूला, जुन्या कागदांच्या खोलीत. खिडकी आहे. पंखा नाही. डावीकडे बघणारा तरी कशाला सोडला, मागून घेतला असता!

१८ मार्च

हुकूम निघाला. ‘सदर पट्ट्यात पाणमांजरांचे अस्तित्व नसल्याने बंदी उठवण्यात येत आहे.’

नसल्याने?! मी कधी म्हटलं, नाही म्हणून? ‘माहीत नाही’ लिहिलं तर ह्यांनी त्यातलं ‘नाही’ तेवढं वाचलं. तशीच साहेबांकडे गेले. म्हटलं, आधी बघायला माणसं पाठवा, मग उठवा.

“कमाल करता तुम्ही! तुमचंच ऐकलं, तरी तक्रार? भाऊ तरी खूश आहे ना?”

खोलीत परत येऊन पुन्हा वर पत्र लिहिलं. कचऱ्यात जाईल. जाऊ दे. जावक वहीत तारीख तर पडली.

२० मार्च

दादाचा फोन! दोन वर्षांनी! नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम — “होडीला डांबर लावतोय. येतेस का?”

ह्यांच्यासमोर रडले. खूप रडले.

२२ मार्च

गेले होते. हातभर डांबर, वहिनीच्या शिव्या, पोटभर हसू. दादा पुरस्काराबद्दल एक अक्षर बोलला नाही. निघताना म्हणाला, “तू लहानपणीही अशीच होतीस. आरसा तू फोडलास आणि आईला तूच जाऊन सांगितलंस. मार मी खाल्ला.” त्याला पत्राबद्दलही सांगितलं — पाणमांजर असेलही दादा, मला माहीत नाही. “असलं तर दिसेल,” म्हणाला आणि ब्रश धुवायला गेला.

२७ मार्च

आज समारंभ झाला. पितळी मासा पक्ष्यांच्या पायात कडी घालून नोंदी ठेवणाऱ्या कुठल्यातरी कार्यालयाला गेला. चांगलं काम आहे त्यांचं, मी वाचलंय. वाईट वाटलं का? वाटलं. मी काही संत नाही. बुडाशी माझं नाव असतं तो मासा मी मनातल्या मनात टीव्हीच्या कपाटावर ठेवून पाहिला होता, दोन-तीन जागी.

पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन. लिहून ठेवते. कुणाला काय वाटायचं ते वाटो!

दादा उद्या पहाटे पहिलं जाळं टाकणार.

२८ मार्च

सकाळी दादा ऑफिसात आला. गुडघ्यापर्यंत चिखल. काखेत गोणपाट. माझ्या टेबलावर ठेवलं आणि उघडलं.

पाणमांजर. मादी. पाण्याखाली जाळ्यात अडकून गुदमरलेली. अंग अजून ओलं होतं.

“दोन पिल्लं बिळाशी ओरडत होती,” म्हणाला. “चौकीतल्या काकांना त्यांच्यापाशी बसवून आलोय. लिही.”

“दादा, हे लिहिलं तर नदी परत बंद. आणि ह्या वेळी कुणीच उघडणार नाही. मीसुद्धा नाही.”

“ठाऊक आहे. लिही.”

लिहिलं. ठिकाण, वेळ, संख्या एक, पिल्लं दोन, निरीक्षक म्हणून दादाचं नाव. शेऱ्यात काय लिहू, विचारलं. त्याने गोणपाट पुन्हा तिच्या अंगावर ओढलं.

“लिही, जाळं माझंच होतं.”