तक्रार शून्य

सोमवार, ३
आजपासून मी नोकरदार! ताईनेच लावून दिली. पंपांच्या या कंपनीत ती दुसऱ्या मजल्यावर ऑर्डरी बघते, मी तळमजल्यावर सर्व्हरच्या खोलीत. नववीत शाळा सोडली तेव्हा मामा म्हणाला होता, आता ही भिंतींशी बोलत बसणार. बघ म्हणावं आता! कपाटाएवढं जुनं मशीन, शेजारी नवीन, जाड पुस्तकाएवढं. एकशे चाळीस जणांचे मेलबॉक्स एकेक करून जुन्यातून नव्यात न्यायचे. चष्मेवाले काका माझे साहेब. ते म्हणतात, माणूस चहा पिऊन जागेवर येईपर्यंत काम झालं पाहिजे, त्याला पत्ताही लागता कामा नये. भिंतीवर पाटी आहे: तक्रार शून्य. तक्रार आलीच तर जुन्यातून परत आणता येतं, पण पंधरा तारखेला दुपारी बाराला जुनं मशीन पुसून कोरं करणार. त्यानंतर काही नाही.
कुणाशी बोलायला लागत नाही. मस्त.

बुधवार, ५
बावीस झाले. पहिला नंबर रिसेप्शनच्या बाईंचा होता. त्याच बाई ज्यांनी मला विचारलेलं, तोंड घरी ठेवून आलीस का गं. दोन दिवस त्यांची खुर्ची रिकामी आहे. पर्स तिथेच. ताईला सांगितलं तर म्हणाली, वेडी आहेस का, सकाळीच मेल आली त्यांची.

शुक्रवार, ७
पन्नास मेलबॉक्स नेले, पन्नास खुर्च्या रिकाम्या. चहावाला प्रत्येक रिकाम्या खुर्चीपुढे कप ठेवतो, तासाने थंड कप उचलतो. कुणी काही म्हणत नाही. राग नुसता डोक्यात गेला. काकांना अडखळत विचारलं, माणसं कुठे गेली? ते हसले. मेलला उत्तर येतंय ना? काम होतंय ना? मग डोकी कशाला मोजतेस?
ओरडायला हवं होतं. मी म्हणाले, हो. माझ्या या घुमेपणाला एक थोबाडीत द्यावीशी वाटते.

सोमवार, १०
आज यादीत ताई होती. सत्त्याण्णव नंबर. मी ती ओळ सोडून पुढचीच घेतली. पाणी प्यायला गेले, परत आले, तर काका लाडाने म्हणाले, तुझी एक ओळ राहिली होती, मी करून टाकली.
जिने चढत पळाले. ताईची खुर्ची अजून गोल फिरत होती. चहातून वाफ येत होती. शेजारचा क्लार्क म्हणाला, बोंबलतेस कशाला, आत्ताच तर तिने माझ्या मेलला उत्तर दिलं.

मंगळवार, ११
आईच्या फोनवर ताईची मेल आली. खूप काम आहे, काळजी करू नकोस. आई खूश! म्हणे आधी पोरगी दोन शब्द बोलायची नाही, आता कालपासून चार वेळा लिहिलं. मामा म्हणाला, अजून काय पाहिजे, खांद्यावर बसवायचीय का तिला? टेबल उलटावंसं वाटलं.
काकांना म्हणाले, तिला परत आणा. ते म्हणाले, नियम आहे. तक्रार पाहिजे, तीही मेलने, म्हणजे नोंद राहते. आईला सांगितलं. ती म्हणाली, कसली तक्रार?

गुरुवार, १३
उरलेल्या प्रत्येक टेबलाशी गेले. मी! जिला स्वतःचं नाव सांगताना घाम फुटतो. एक ओळ लिहा म्हणाले, ताई दिसत नाही एवढंच. सगळे म्हणतात, आमचं कुठे काय अडलंय?
मेल्यांनो.
मग काकांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. मीच करते तक्रार! ते शांतपणे म्हणाले, तुला मेलबॉक्सच नाही, थांब, देतो. दोन मिनिटांत उघडून दिला.
नव्या मशीनवर. दुसरीकडे कुठे उघडणार? आणि मला परत आणायला जुन्यात माझी प्रतच नाही. हे मला आधी का —

शुक्रवार, १४
तक्रार पाठवली. अकरा ओळी. काकांनी माझी म्हणून जी मेल वाचली ती: सगळं छान चाललंय, धन्यवाद.
मी नाही लिहिलं ते. मी नाही लिहिलं!
गेटवर वॉचमनने कार्ड मागितलं नाही. बघितलंच नाही. चहावाला माझ्या अंगावरून —
उद्या बारापर्यंत. फक्त आई उरली.

शनिवार, १५. साडेअकरा
आईचा हात धरून फोन तिच्यापुढे केला. लिही. मुलगी घरी आली नाही. बस. चारच शब्द. तिने हात खाजवला, जणू माशी बसली.
कानात ओरडतेय. आई, लिही ना गं. ताई कायमची जाईल —

अकरा पंचावन्न
तिने फोन उचलला. उचलला! बोट —
मेल आली. माझ्या नावाने. आई, आम्ही दोघी मजेत आहोत.
हसली. मलाच उत्तर लिहितेय. लाडाने, सावकाश. तक्रार नाही, आई, तक्रार —
उठली. माझं ताट उचलून फळीवर ठेवतेय. आई, मी जेवतेय अजून, घास माझ्या हातात —
आई, अगं इकडे, समोर ब