कोरडा कोळसा

मंगळवार, दिवेलागणीला

जाऊबाईंची मेथी पिवळी पडली. पडणारच. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा कोळसा कुंडीत घालण्याआधी आठ दिवस शेणकाल्यात भिजवावा लागतो, नाहीतर मातीतलं खत तोच पिऊन टाकतो. गिऱ्हाइकांना मी हे दोनदा बजावते. जाऊबाईंना मुद्दाम कोरडाच दिला, न सांगता. पाहुण्यांसमोर मला ‘कोळसेवाली’ म्हणून हसल्या होत्या ना!

आज ती पिवळी पानं ओंजळीत घेऊन आल्या, जिन्यात मला एकटीला गाठलं. “माझ्याच हाताला गुण नाही गं. कोळसा कमी पडला का? आणि त्या दिवशीचं मनात ठेवू नकोस.”

डोळे भरले होते त्यांचे. सांगून टाकावं का?

“हौ ताई, कमीच पडला,” म्हणाले आणि दुसरी पिशवी दिली. तीही कोरडीच.

हसल्या चारचौघांत. माफी मात्र जिन्यात.