टोकदार अक्षरांची पाटी

आप्पा, तुमचं ते अक्षर भिकार होतं. तुमच्या तोंडावर हे सांगायला गेलं की तुम्ही लगेच ताट सरकवून उठायचात. आता कुठं उठून जाताय?

चादरीच्या कारखान्यात तुम्ही डिझाइन मास्तर. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून काठावरची नावं काढायची, तीच मग मागावर उतरायची. विणताना गोल रेघेच्या पायऱ्या होतात, म्हणून तुम्ही अक्षरातली गोलाईच हाकलून दिली. नुसत्या सरळ रेघा आणि कोपरे. चादरीपुरतं ठीक होतं की! पण तुम्हाला वाटलं, केवढा शोध लावलाय. लग्नपत्रिका, मंडळाचा फलक, पिठाच्या गिरणीची पाटी, जिथं जागा दिसेल तिथं तुमची टोकं. माझी वही बघून म्हणालात, "गोल लिहितात ती आळशी माणसं." वा रे शहाणपण!

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर अव्वानं, तुमच्या बायकोनं, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत दुकान काढलं, शेंगा चटणी आणि कडक भाकरीचं. आयुष्यात पहिल्यांदा तिचं स्वतःचं काहीतरी. बुडालं असतं तर तुमच्या बहिणींनी टोमणे मारून तिला जगू दिलं नसतं. आणि पाटी रंगवली कुणी? तुम्ही! चटणीतला च म्हणजे मोडकी खुर्ची. बायका माना वाकड्या करून बघायच्या आणि पुढं जायच्या. एकीनं तर विचारलं, "काय ओ, हितं घड्याळं दुरुस्त करतात का?" मी तुमच्याशी कडाकडा भांडले, पाटी बदला म्हणाले. तुम्ही पानाला चुना लावत म्हणालात, "लोकांना शिकू दे की वाचायला." भाकरी घ्यायला आलेल्या बाईनं आधी तुमची शाळा शिकायची होय?

अव्वानं खलबत्ता उचलला आणि दारातच बसली कुटायला. शेंगा-लसणाचा वास गल्लीभर सुटला, गिऱ्हाईक त्या वासानं आलं. आणि तुम्ही कारखान्यात सांगत सुटलात, पाटीमुळं दुकान चाललं म्हणून. लाज कशी ती नाहीच.

तुम्ही गेलात आणि वर्षश्राद्ध झाल्याबरोबर मी नवी पाटी करून आणली. टपोरं, वळणदार अक्षर, लांबून वाचता येणारं. अव्वानं तिच्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "ह्यातलं मला एक अक्षर वाचाय येत न्हाय गं."

ती शाळेत गेली नव्हती, हे मला माहीत होतं. "मग जुनी येत होती?"

"व्हय की. तुज्या आप्पानी काड्यापेटीच्या काड्या मांडून शिकवली. म्हणाले, दुकान तुजं हाय, पाटी तुला वाचता आली पायजे."

मग हे बोलायला काय झालं होतं तुम्हाला? मी घसा फोडून भांडत होते तेव्हा तोंडात पान होतं म्हणून? शेवटपर्यंत तुमची अक्कल तशीच, कोपऱ्याकोपऱ्यांची. अक्षर भिकारच होतं, त्यात मी बदल करणार नाही.

अव्वा जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. दुकानावर पाटी परत तुमचीच आहे. दर दिवाळीला मी तिच्यावर नवा रंग चढवते, तुमच्याच रेघांवरून, आणि हे तुम्हाला कळावं अशी माझी मुळीच इच्छा नाही.