बाबांचं पाऊल

१९ एप्रिल, रवि.
महाराष्ट्र दिनाची फिल्म शेवटी माझ्याच गळ्यात. मंडळाला पडद्यावर लेझीमचं पथक हवंय, पण दिल्लीत एवढी माणसं आणायची कुठून? म्हणून हॉलमधलं टेबल सरकवलं, बाबांच्या अंगाला हालचाल टिपणारे सेन्सरचे पट्टे बांधले आणि म्हटलं, खेळा. करोल बागेतल्या पोरांना आयुष्यभर लेझीम शिकवलंय त्यांनी. गुडघा दुखत होता, तरी ठेका सोडला नाही. आता त्यांच्याच कॉपीज काढून अख्खं पथक करायचं. स्वारी खूश.

२२ एप्रिल, बुध.
नोएडा, ऑफिस. स्क्रीनवर पथक उभं राहिलं. सगळे बाबाच. शेजारच्या टेबलावरचा अमन म्हणाला, "यार, सब रोबोट लग रहे हैं. थोड़ा रँडम डाल." पटलं. उंची, चेहरे, फेट्यांचे रंग, सगळं थोडं थोडं वेगळं केलं. पावलांची वेळसुद्धा. कोणी किंचित आधी, कोणी मागून. एकदम जिवंत वाटायला लागलं. बाबांना दाखवायचं राहिलं.

१ मे, शुक्र.
लेझीम खेळताना सगळ्यांचं पाऊल एकदम पडावं लागतं. हे मला, लेझीमवाल्या मास्तरांच्या मुलाला, मंडळाच्या भरल्या हॉलमध्ये पडदा बघताना कळलं. मागे कुजबुज, मग हसू. मंडळाचे अध्यक्ष देसाईकाका थट्टेत म्हणाले, "काय मास्तर, पथक बिघडलं की तुमचं."
बाबा पडद्याकडेच बघत होते. म्हणाले, "माझंच पाऊल चुकलं असेल. वय झालं आता."
मी शेजारी बसलेलो. बोलणार होतो, खरंच. तेवढ्यात कोणीतरी फेट्यांच्या रंगांचं कौतुक केलं आणि मी थँक्यू म्हणालो. थँक्यू! जनाची नाही तर मनाची तरी...

३ मे, रवि.
वेळेतला रँडम शून्यावर आणला, बाकीचा राहू दिला. पाऊल एकदम पडतंय. एवढंच तर होतं. सांगायला गेलो, तर बाबा पेपर वाचत होते. चहा घेतोस का म्हणाले. घेतला. विषय काढलाच नाही. त्यांच्याकडे बघवत नाही.

५ मे, मंगळ.
आज दाखवायचंच म्हणून ऑफिसातून लवकर निघालो. लॅपटॉप घेऊन सरळ बाबांच्या खोलीकडे. दार लोटलेलं. आतून लेझमीचा आवाज येत होता. थांबायचा, पुन्हा पहिल्यापासून. मधूनच गुडघ्याची कळ दाबल्यासारखा हुंकार. आणि बाबा हळू आवाजात स्वतःलाच शिकवत होते, एक, दोन, तीन, चार.
मी दाराबाहेर. हात कडीवर, तसाच.