आउस्मा आजींनी मत का दिलं नाही

प्रिय इंडुलिस,

निवडणूक हरल्यापासून तू राजधानीत, रीगातल्या खोलीत बसून आहेस आणि फोनही उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. दोनदा खासदार झालास, पाच गावांत बेकऱ्या काढल्यास, आणि आपल्याच गावाने तुला पाडलं. मलाही ते फार लागलं.

शनिवारी बाजारात मी शेजारच्या आउस्मा आजींना सरळच विचारलं, "आमच्या इंडुलिसला मत दिलंत ना?"

"नाही दिलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "बहिणीलाही देऊ दिलं नाही."

"असं काय केलं त्याने?"

"अगं, तो तिकडे भाषणं करतो आणि इकडे त्याची माणसं काळा पाव म्हणून विटा भाजतात. त्यात शहाजिरं तर शोधावं लागतं. खासदार कुणीही होईल, पण त्याच्या हातचा पाव दुसऱ्या कुणाला जमत नाही. त्याला घरी आणायचा दुसरा उपाय होता का?"

मासे विकणारा इमांट्स म्हणाला, "मीही म्हणूनच पाडला. राग नाही हो ताई, भूक आहे."

सगळी रांग हसली. हसता हसता माझे डोळे भरून आले. इतक्या मायेने कुणी कुणाला पाडलं असेल का?

एवढं लिहिलं आणि खाली आपल्या बेकरीत भट्टीपाशी तुझा आवाज आला. न कळवताच आलास. येताना स्टेशनवर आपला पाव चाखलास वाटतं, कारण ओरडतो आहेस, "हे माझ्या नावाने विकता?"

आता हे पाकिटात घालत नाही. आधी तुझे हात पिठात जाऊ देत, मग खाली येऊन सगळं तोंडीच सांगते.

तुझी ताई,
वेल्टा