रस्सीखेचीतलं बाहेरचं बल

शनिवार, १ नोव्हेंबर १९९७
इथल्या आखाती मराठी मंडळाची मीटिंग. स्पोर्ट्स डे २१ तारखेला, शुक्रवारी, शाळेमागच्या वाळूच्या मैदानावर. बायकांची रस्सीखेच पुन्हा कोकणी सोसायटीशी. गेली तीन वर्षं मी कॅप्टन आहे आणि गेली तीन वर्षं आपण हरतो आहोत. या दोन गोष्टींचा संबंध नीलाने आज सर्वांसमोर जोडला. नीला आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहते, बँकेत आहे आणि गोड आवाजात बोलते. म्हणाली, या वर्षी दुसऱ्या कुणाला संधी द्यावी का. मी म्हटलं, या वर्षी हरलो तर कॅप्टनची शिट्टी तुझ्या हातात देईन, कायमची. टाळ्या पडल्या. इतक्या जोरात पडायचं कारण नव्हतं.
हरणार नाही. आजवर ताकदीने खेळलो, आता शास्त्राने. मी बी.एस्सी. फिजिक्स, १९६५. फर्स्ट क्लास दोन मार्कांनी गेला, त्यात माझा दोष नव्हता.

सोमवार, ३ नोव्हेंबर
पाठ पहिला तयार. दोर स्थिर आहे याचा अर्थ कोणी ओढत नाही असा नव्हे. दोन्हीकडून सारखंच ओढलं जातंय, बॅलन्स्ड फोर्सेस, म्हणून तो हलत नाही. एका बाजूला जरासं जास्त झालं की बॅलन्स गेला आणि दोर तिकडे निघाला. ते जरासं जास्त कुठून आणायचं, एवढाच प्रश्न. उत्तर: हिसका. मी 'एक' म्हटलं की श्वास, 'दोन' म्हटलं की सगळ्यांचा एकदम हिसका.
तेजस्वीला समजावलं. अकरावीत आहे, तिचाच धडा. म्हणाली, बट आई, व्हॉट अबाउट फ्रिक्शन? इट्स ऑल इन द फीट. मी म्हटलं, मराठीत विचार. ती खोलीत निघून गेली. राजनचं मत विचारलं. पेपरमागून म्हणाला, तू म्हणतेस म्हणजे असेल. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, एकदा तरी मुद्द्यावर बोलावं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
टीमचं वजन करायचं ठरलं होतं. बाथरूममधला काटा हॉलमध्ये आणला. सातही जणींनी तोंडीच पंचावन्न सांगितलं आणि चहा घेतला. काट्यावर मी एकटी चढले. काटा बिघडलेला आहे.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर, सकाळी ७
प्रॅक्टिस, हूरा भागातल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर. समोर कुणीतरी तुल्यबळ हवं, म्हणून दोर पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडला बांधला. टाकी काठोकाठ भरलेली. चौदा हिसके दिले. टाकी हलली नाही. बॅलन्स्ड फोर्सचं याहून सुंदर उदाहरण मी कॉलेजातही पाहिलं नव्हतं. सगळ्यांना थांबवून तसं सांगितलं.

सकाळी ९
टाकी हलली नाही. तिचा पाइप हलला. तीन मजल्यांना संध्याकाळपर्यंत पाणी नाही. वॉचमन अलीमियाँ वर आला, भिजलेल्या दोराकडे बघत राहिला आणि म्हणाला, मॅडम, टाकी काय समोरची पार्टी आहे? मी सांगितलं, सांधा मुळातच कमकुवत होता, आपण तो वेळेत शोधून काढला. तो म्हणाला, शुक्रिया. त्याचा स्वर आवडला नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
आबिदा आली. समोरच्या टीमची कॅप्टन. तिचा नवरा यासीन सित्राच्या तेल रिफायनरीत फिटर आहे. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी येऊन त्यानेच आमचा पाइप जोडला, म्हणून आभार मानावे लागले. ती कोळंबीचा पुलाव घेऊन आली होती. मला काकू म्हणते. वयात बारा वर्षांचा फरक. वहिनी पुरेसं होतं.
नीलाही नेमकी तेव्हाच आली. आबिदा म्हणाली, काकू, राग मानू नका, तुमच्या बायका हिसके देतात म्हणून त्यांचे पाय सुटतात. आमच्या गावाला रापण ओढायची असली की आम्ही सगळी पोरं धावायचो. समुद्रातलं एवढं मोठं जाळं किनाऱ्याला आणायचं, पण हिसका कोणी द्यायचा नाही. टाचा वाळूत रोवायच्या, मागे टेकायचं आणि गप राहायचं.
मी म्हटलं, तुमची मासेमारी वेगळी, आमचं फिजिक्स वेगळं. ती हसली. म्हणाली, वाळू तीच की काकू.
प्रतिस्पर्धी फुकट सल्ला देतो तेव्हा तो सापळा असतो. मी फसणार नाही. नीला मात्र किल्ल्या हातात घेऊन दारात उभी राहिली आणि टाचांविषयी पुन्हा विचारत होती. पुलाव चांगला होता.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
मैदानावर प्रॅक्टिस. मंडळाचे पुरुष समोर उभे केले. 'दोन' म्हटल्याबरोबर आपल्या तीन जणी पडल्या. पुढच्या 'दोन'ला चार. कारण उघड आहे: माझा आवाज शेवटपर्यंत पोचत नाही. नीला म्हणाली, शिट्टी, आकडे आणि दोर तुम्ही एकटीने सांभाळू नका, दमाल. ही काळजी कुठून येते ते मी ओळखून आहे.
निश्चय: आकडे दुप्पट मोठ्याने. रोज मिठाच्या गुळण्या. तेजस्वीशी फ्रिक्शनवर चर्चा बंद.

गुरुवार, २० नोव्हेंबर
आवाज बसला. गुळण्यांचा उपयोग नाही. हरकत नाही, शिट्टी आहे. विजयाचं भाषण तयार आहे, तीन मिनिटं. नीलाचा उल्लेख एकदा.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर, दुपारी ३
जिंकलो.
घडलं ते क्रमाने लिहून ठेवते, कारण आत्तापासूनच लोक वेगळं सांगू लागले आहेत. मी सर्वांत पुढे. पहिला हिसका: मधलं लाल फडकं हातभर त्यांच्याकडे. दुसरा हिसका: आणखी हातभर. तिसऱ्याला माझी शिट्टी वाळूत पडली, त्यामुळे आकडे बंद झाले आणि दोर जागच्या जागी थांबला. दोन्हीकडे सारखा जोर. त्याच वेळी माझ्या नजरेला आलं की आबिदा टाचेने वाळूत खड्डा करते आहे. नियम सहा: मैदान खणायचं नाही. रेफ्री अर्शदभाई भलतीकडे बघत होते. मी दोर सोडला, त्यांच्यापाशी गेले आणि बोट वर करून हरकत घेतली. ते म्हणाले, भाभी, मॅच चालू आहे, तुम्ही इथे काय करता? मी नियम समजावत होते तोच मागे एकच गलका. वळून पाहिलं तर फडकं आपल्या रेषेपार आलेलं. आबिदाच्या आठ जणी वाळूत बसून पोट धरून हसत होत्या. आपल्या सात जणी टाचांवर मागे टेकलेल्या, गप.
भाषणाला वेळ मिळाला नाही.

संध्याकाळी ६
राजनने विचारलं, तू सोडल्यावरच हलला ना दोर? इतक्या वर्षांनी मुद्द्यावर बोलला, आणि ते हे. मी त्याला न्यूटन सांगितला. बाहेरून बल लागल्याशिवाय स्थिर वस्तू हलत नाही. मैदानाबाहेर तेव्हा कोण उभं होतं? माझ्या हरकतीने आबिदाच्या टीमला हसू फुटलं, त्यांचा जोर गेला, बॅलन्स मोडला. ते बाहेरचं बल मी होते. तेजस्वी म्हणाली, टेक्निकली, आई, यू वर द फोर्स दॅट गॉट रिमूव्ड. मी म्हटलं, मराठीत बोल. तर बोलली. तू सोडलंस म्हणून आपण जिंकलो, आई.
उच्चार सुधारले आहेत.

बुधवार, २६ नोव्हेंबर
मीटिंग. हरलो तर शिट्टी द्यायची होती, हरलो नाही. शिट्टी माझ्याकडेच राहिली, हे मी उभं राहून सांगितलं. नीला म्हणाली, अर्थात, कॅप्टन तुम्हीच. मग गोड आवाजात ठराव मांडला: यापुढे कॅप्टनने दोराला हात न लावता रेषेबाहेर उभं राहावं, कारण तिथून त्यांचा फार उपयोग होतो. एकमताने मंजूर. विरोधात मी हात वर केला, तो अनुमोदन म्हणून धरला गेला.
घरी आले तर राजनने रोल धुवून आणला होता. विजयाच्या क्षणाचा फोटो एकच आहे. सात जणी, ताणलेला दोर, आपल्या बाजूचं लाल फडकं. उजव्या कडेला माझं बोट आलं आहे. बाकीची मी फोटोत नाही.
बोट मात्र सरळ आहे.